मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

प्रश्न: घरखर्च आटोक्यात यावा म्हणून गेले काही महिने मी नेटाने काटकसर करतो आहे. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की बंद करतो, चार्जर काढून ठेवतो, आंघोळीला पाच मिनिटांची मर्यादा घातली आहे. सामान मोठ्या पॅकमध्ये आणतो, स्वस्त पडतं म्हणून. नवा फ्रीज घेतला तेव्हा जुना टाकला नाही, बाल्कनीत ठेवला. चालतोय, पाण्याच्या बाटल्यांना उपयोगी पडतो. थेंबे थेंबे तळे साचे, असं मी मानतो. पण बिलात फरक दिसत नाही आणि घरात भांडणं मात्र वाढली आहेत. बायको म्हणते, ‘तुम्हाला घर नकोय, चौकी हवीय.’ मी खोलीत शिरलो की मुलगी ओरडते, ‘बाबा आले, दिवे मालवा!’ दिवा चालू ठेवणाऱ्याला दंड लावावा असं मनात आहे. आणखी कुठे काटकसर करता येईल?
– घरचा पहारेकरी

उत्तर:

नमस्कार.

तुमची तळमळ खरी आहे, पत्रातून ती दिसते. पण सगळी हकीकत वाचून मला एकच म्हण आठवली, तीच मथळ्यावर घातली आहे. दिवे आणि चार्जर ही तुमच्या घरची मोरी. दरवाजा बाल्कनीत आहे आणि तुम्ही त्याचा उल्लेख कौतुकाने केला आहे.

आकडेमोड करून बघू. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. घरातला साधा एलईडी दिवा ९ वॅटचा असतो. मुलगी तो रोज तीन तास विनाकारण चालू ठेवते असं धरा, तर वर्षाला साधारण १० युनिट होतात. चांगल्या प्रतीचा चार्जर नुसता खोचून ठेवला तर जेमतेम ०.१ वॅट घेतो, म्हणजे वर्षभर तो तसाच राहिला तरी पुरतं एक युनिटही होत नाही. आता तो फ्रीज. जुना, दाराचं रबर सैल पडलेला, उन्हाच्या बाजूला उभा केलेला फ्रीज दिवसाला दीड-दोन युनिट सहज घेतो. वर्षाचे साडेपाचशे ते सातशे युनिट. त्याची बरोबरी करायची तर तुमच्या घरच्यांना असे पन्नासहून जास्त दिवे रोज तीन-तीन तास विसरावे लागतील. एवढे दिवे तुमच्या घरात नसणार.

फ्रीज आतली उष्णता बाहेर फेकतो. बाहेरची हवा जितकी गरम, तितकं ते काम जड आणि मोटर तितकी जास्त वेळ चालते. म्हणजे बाल्कनी ही त्याच्यासाठी घरातली सगळ्यात महागडी जागा. आणि हे सगळं कशासाठी, तर पाण्याच्या बाटल्यांसाठी. माझ्या शब्दावर विसंबू नका. प्लगमध्ये खोचायचा वीजमापक मिळतो. तो लावून दोन्ही फ्रीज दोन-दोन दिवस मोजा. काम मुलीकडे सोपवा. बाबांच्या लाडक्या फ्रीजचा पंचनामा करायला ती आनंदाने तयार होईल.

विजेच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मे वाद संपतात: जे तापवतं किंवा गार करतं ते खातं, जे उजेड देतं, बोलतं किंवा लुकलुकतं ते त्या मानाने चाखतं. (जुने पिवळे बल्ब याला अपवाद, कारण ते खरं तर उजेड देणारे हीटरच. ६० वॅटच्या अशा बल्बचा उजेड ९ वॅटच्या एलईडीत मिळतो. घरात कुठे उरला असेल तर आजच काढा.) २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळजवळ ०.६ युनिट लागतात. तेवढ्या विजेत तो ९ वॅटचा दिवा साठ तासांहून जास्त जळेल. दुसऱ्या भाषेत सांगायचं तर एक बादली गरम पाणी म्हणजे अडीच दिवस अखंड उजेड.

म्हणून आंघोळीचा तुमचा नियम दिशेने बरोबर आहे, पद्धतीने चुकीचा. बाथरूमच्या दाराबाहेर घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस कोणालाच आवडत नाही. शॉवरमधून मिनिटाला दहा लिटर पाणी येत असेल तर मिनिटाला सहा लिटर देणारं तोंड बसवा. अंग तितकंच भिजतं, पाणी आणि ते तापवायची ऊर्जा चाळीस टक्क्यांनी कमी लागते आणि कोणाला काही बोलावं लागत नाही. आधी तुमचा शॉवर किती पाणी देतो ते बघा: खाली बादली ठेवून एक मिनिट सोडायचा आणि मोजायचं. आधीच कमी येत असेल तर या वाटेला जाऊ नका. साठवणीचा गीझर असेल तर तो दिवसभर चालू ठेवायची गरज नाही. टाकीतलं पाणी थंड होत राहतं आणि गीझर ते पुन्हापुन्हा तापवत बसतो. त्याचा काटाही अगदी वरच्या टोकाला नको. ६० अंशांच्या आसपास पुष्कळ झालं. कढत पाणी काढून त्यात निम्मं गार ओतायचं, यात तुमचं काही वाचत नाही.

पंख्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवून माणसाला गार करतो. रिकाम्या खोलीत तो फिरत ठेवण्याला काही अर्थ नाही. तरी इथेही दटावण्यापेक्षा मोठा उपाय आहे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. नवे ब्रशलेस मोटरचे पंखे ३० वॅटच्या आसपास तितकाच वारा देतात. रोज दहा तास चालणाऱ्या पंख्यामागे दिवसाला ०.४५ युनिट वाचतं. सगळे एकदम बदलू नका. ज्या खोलीत तुम्ही झोपता तिथला आधी बदला, कारण तोच सगळ्यात जास्त तास चालतो. पाहुण्यांच्या खोलीतला जुना तसाच राहू दे. एसी असेल तर जाळी वेळेवर धुवा, तापमान एक-दोन अंश वर ठेवा आणि जोडीला पंखा लावा. कपड्यांच्या मशीनमध्ये पाणी तापवून धुण्याचा पर्याय असतो. रोजच्या कपड्यांना तो लागत नाही आणि त्या धुण्यातली बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. डिटर्जंट जास्त घातल्याने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, फक्त जास्त वेळा खळबळावे लागतात.

पाण्याचं सांगते. गळती शोधायला प्लंबर लागत नाही. घरातले सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा टिपून ठेवा, तासाभराने परत बघा. कोणी पाणी वापरलं नसताना आकडा सरकला असेल तर कुठेतरी गळतंय. पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्यायचा. टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतली रबरी झडप गेलेली आहे. ती स्वस्तात आणि थोडक्या वेळात बदलून होते. ही गळती आवाज करत नाही, म्हणून महिनोन्महिने चालते. आणि थेंब थेंब गळणाऱ्या नळाबद्दल घरात दुमत असेल तर त्याखाली मोजपात्र ठेवा, एका तासात जमलेल्या पाण्याला चोवीसने गुणा, की वाद मिटला.

शेगडीपाशी फार काही करायचं नाही. पाणी उकळलं की ते १०० अंशांवरच राहतं. आच मोठी ठेवून त्याची जास्त वाफ होते, अन्न लवकर शिजत नाही. म्हणून उकळी आली की आच कमी आणि भांड्यावर झाकण. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, त्याचा वेळ वाचतो तो त्यामुळे. ज्योत पिवळी दिसली की बर्नरची भोकं साफ करायची वेळ आली. हे सगळं तुमच्या पत्नीला बहुधा माहीत असणार. शिकवायला जाऊ नका. बर्नर मात्र तुम्ही साफ करा.

आता जिथे मला खरं बोलायचं आहे तिथे येते. तुम्ही विजेवर इतकं लिहिलंत, पण ‘मोठ्या पॅकमध्ये आणतो’ हे एका वाक्यात उरकलंत. बहुतेक घरांत वीजबिलापेक्षा किराणा आणि भाजीपाल्याचा खर्च मोठा असतो, आणि त्यातला बराचसा भाग न खाता कचऱ्यात जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली दिलेल्या अहवालात २०२२ या एका वर्षात जगभर १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे. हॉटेलं आणि दुकानं त्यात आहेतच, पण यातला साठ टक्के वाटा घरांचा आहे. माणशी वर्षाला ७९ किलो. तुमच्या घरचा आकडा याहून कमी असेलही, पण तो किती हे तुम्ही कधी मोजलं नसणार, कारण चार्जर डोळ्यांना दिसतो आणि कचऱ्याच्या डब्यावर झाकण असतं.

मोठ्या पॅकचं गणित असं आहे. २० टक्के स्वस्त मिळालं म्हणून दुप्पट आणलं आणि त्यातला तिसरा हिस्सा शिळा होऊन, किडून किंवा मऊ पडून फेकला, तर जे खाल्लं त्याला मूळ भावापेक्षा २० टक्के जास्त पडले. कागदावर करून बघा, चूक सापडणार नाही. साबण, कागद, मीठ असं न बिघडणारं सामान मोठं घ्या. नाशवंत माल लागेल तेवढाच. शिवाय मोठा पॅक स्वस्तच असतो हाही एक समज आहे. पाकिटावरची किंमत न बघता १०० ग्रॅमचा किंवा १०० मिलिलिटरचा भाव काढा. कधी कधी मधला पॅक सगळ्यात स्वस्त निघतो. निव्वळ वजनही वाचत चला. पाकीट तेच, रंग तोच, किंमत तीच, आणि आतला माल हळूच कमी झालेला, हे सगळीकडे चालतं.

पंधरा दिवस एक प्रयोग करा. कचऱ्याच्या डब्याशेजारी एक कागद चिकटवा आणि फेकलेली खायची प्रत्येक वस्तू त्यावर लिहा. काय फेकलं एवढंच लिहायचं, कोणी फेकलं ते नाही. ही अट पाळणार नसाल तर कागद लावूच नका. पंधरा दिवसांनी त्याच त्या दोन-तीन गोष्टी पुन्हापुन्हा दिसतील. तेवढ्याच कमी आणा. फ्रीजमध्ये डोळ्यांच्या उंचीचा एक कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून राखून ठेवा. जे मागे जातं ते विसरलं जातं. फ्रीजचं आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीझरचं उणे १८ असावं. दाराचं रबर तपासायचं तर दारात कागद अडकवून ओढा. सहज निसटला तर गार हवा तिथून जाते आहे. आणि तारखा नीट वाचा. ‘बेस्ट बिफोर’ ही चव आणि दर्जाची तारीख आहे. ती उलटली म्हणून नीट ठेवलेला कोरडा माल लगेच विष होत नाही, बघून-हुंगून ठरवता येतं. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख आहे, तिथे धाडस करू नका.

पैसा बाहेर जायचा आणखी एक रस्ता आहे आणि तो घरात दिसतच नाही: आपोआप कापले जाणारे हप्ते आणि वर्गण्या. बँकेचं विवरण काढा, पण एका महिन्याचं नको, पूर्ण बारा महिन्यांचं काढा, कारण वर्षातून एकदाच कापली जाणारी वर्गणी महिन्याच्या हिशोबात लपते. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: हे आज नव्याने घ्यायचं असतं तर घेतलं असतं का? नाही असेल तर बंद. हे काम एका संध्याकाळचं असतं आणि त्याचा फायदा दर महिन्याला, कोणाला एक शब्द न बोलता मिळत राहतो.

क्रेडिट कार्डावर थकबाकी असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी ती फेडा. महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्के होतात. ‘किमान रक्कम’ भरत राहणं म्हणजे कर्ज सांभाळून ठेवणं. हप्त्याने वस्तू घेताना व्याज ‘फ्लॅट’ आहे का तेही विचारा. फ्लॅट १० टक्के म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत जाता तरी व्याज पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवरच आकारलं जातं. बारा महिन्यांच्या हप्त्यात त्याचा खरा दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो. नवा फ्रीज कसा घेतलात ते पत्रात नाही. मी विचारत नाही, तुम्ही कागद काढून बघा.

काही ठिकाणी काटकसर करायची नाही, हेही सांगून टाकते: विजेचं वायरिंग, गॅसची नळी, गाडीचे टायर आणि ब्रेक, डॉक्टरांनी दिलेली औषधं, दातातली छोटी कीड. यात आज वाचवलेलं उद्या कित्येक पटीने वसूल होतं, आणि काही वेळा पैशात वसूल होत नाही.

उरलं भांडण. तुमच्या पत्रात दिव्यांचा हिशोब आहे, चार्जरचा आहे, इतरांच्या आंघोळीचा आहे. तुमच्या स्वतःच्या खर्चाची एकही ओळ नाही. घरच्यांना हे खटकत असणार, अगदी उघड बोलत नसले तरी. शिवाय तुम्ही लावलेले नियम तुम्हाला फुकट पडतात. ‘बाहेरचं मागवायचं नाही’ म्हटलं की त्या दिवशीचा स्वयंपाक कोणाच्या वाट्याला येतो? ‘उरलेलं संपवा’ म्हटलं की त्यातून नवं काहीतरी कोण करतं? पैसे वाचवायचे म्हणून एखाद्याचे तास खर्च होत असतील तर ते तास हिशोबात धरा, किंवा ते काम तुम्ही करा. या दोनांपैकी मी दुसरा पर्याय सुचवेन.

रोज कोणाला तरी टोकावं लागतं अशा काटकसरीतून क्वचितच मोठी रक्कम हाती लागते. शॉवरचं तोंड बदललं, झडप बदलली, वर्गणी बंद केली, जुना फ्रीज काढला, की ती बचत होत राहते. तुम्ही गावाला गेलात तरी होते. तुमची शक्ती या कामांवर घाला आणि चौकी उठवा. दंडाचा विचारही सोडून द्या. दंड लावला की मुलं दिवे बंद करायला शिकत नाहीत, सापडायचं नाही एवढं शिकतात.

त्याऐवजी वाचलेले पैसे दिसतील असं काहीतरी करा. बचत खात्यात तशीच पडली की इतर खर्चात मिसळून जाते आणि घरच्यांना वाटतं, बाबांनी एवढा त्रास दिला त्यातून निघालं काय. पगार झाला की ठरलेली रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जाऊ द्या, आणि त्यातला ठरावीक वाटा कशासाठी वापरायचा ते तुमच्याशिवाय बाकीच्यांनी ठरवू दे. तुम्हाला ते उधळपट्टीचं वाटलं तरी.

बाल्कनीतला फ्रीज काढाल तेव्हा तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडेच द्या. नळी कापून त्यातला वायू हवेत सोडणाऱ्याला देऊ नका. त्याने ओझोनच्या थराचं किंवा हवामानाचं नुकसान होतं. नेईपर्यंत दिवस जाणार असतील तर त्याचं दार काढून ठेवा. लहान मूल आत शिरून दार लागलं तर आतून उघडत नाही.

आणि बिलात फरक दिसत नाही म्हणालात, तर तुलना कशाशी करता ते तपासा. मागच्या महिन्याशी करत असाल तर हंगाम बदलल्याचा फरक तुमच्या बचतीला झाकून टाकतो. बिलावरची रक्कम सोडा, कारण दर बदलतात. युनिट बघा, आणि ते गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या युनिटशी ताडून बघा. बिलाचा कालावधी दोन्ही वेळी सारख्याच दिवसांचा आहे ना, तेही मोजा.